वळच्या घड्याळाची आंघोळ

आम्ही दोघां नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे तिच्या बापाचं घड्याळ धुतलं. रविवार होता. मी फरशीवर बसून स्क्रू काढत होतो आणि ती समोर पाटावर बसून मला शिकवत होती. पंचेचाळीस वर्षं मी भिवंडीत घड्याळं दुरुस्त करतोय, तरी घरी मला शिकवायला बाई होती.

घड्याळ भिंतीवरचं, लंबकाचं, दोन चाव्यांचं. एक चावी वेळेची, दुसरी टोल्यांची. वळ गावात तिच्या माहेरच्या पडवीत ते टांगलेलं असायचं. पुढं शेतीवर गोदामं उभी राहिली, घर पाडलं, आणि बहिणींना सह्या करायला बोलावलं. आमच्याकडं तीच रीत. जमीन भावांनी घ्यायची, बहिणींनी सही करायची आणि साडी घेऊन घरी यायचं. हिला भावानं विचारलं, "बाय, तुला काय पायजे?" ही म्हणाली, "साडी नको, बाबांचं घड्याळ दे." तेव्हा ते बंद पडून दहा वर्षं झाली होती.

रिक्षात मी म्हटलं, "भावांना गोदामं आणि तुला बंद घड्याळ. चांगला सौदा केलास."

ती म्हणाली, "ते बंद हाय म्हणून तर घेतलं. चालू असतं तर तुमचा काय उपयोग होता?"

घरी आल्यावर घड्याळ खाटेखाली गेलं आणि दोन वर्षं तिथंच राहिलं. खोटं कशाला सांगू, वेळ नव्हता असं नाही. पण दुकानात दिवसभर घड्याळं उघडायची आणि घरी येऊन परत तेच करायचं, अंगावर यायचं. ती रोज खाटेखाली झाडू मारायची आणि झाडूचा दांडा मुद्दाम घड्याळाच्या लाकडी पेटीवर आपटायची. मी पेपर वर धरायचो.

एकदा दुकानात पाच-सहा माणसं उभी होती. बहुतेक सगळे लूमवर काम करणारे. ड्युटी सुटली की येतात आणि "चाचा, हुआ क्या?" करतात. त्यांच्या मागं ही डोक्यावर पदर घेऊन रांगेत उभी. नंबर आला तशी मोठ्यानं म्हणाली, "चाचा, मेरी घडी कब मिलेगी? दो साल हो गया."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक जण तर म्हणाला, "चाचा, दो साल? गरीब औरत को क्यूं घुमाते हो?"

मी म्हटलं, "ही गरीब न्हाय, ही माझी बायको हाय." मग जे हसले सगळे, ते पुढं महिनाभर आले की हसायचेच. त्याच रविवारी मी घड्याळ खाटेखालून काढलं.

आता चक्रं धुवायच्या मशीनचं सांगायला पाहिजे. कल्याणला दिलेली मुलगी आहे, तिनं मला साठी-पासष्टीच्या पुढं हे खूळ आणून दिलं. चपलेच्या खोक्याएवढी स्टीलची टाकी, आत जाळीची टोपली. टाकीत पाणी ओतायचं, चमचाभर औषध घालायचं, बटण दाबायचं. ब्रश नाही, घासणं नाही. आवाजानंच मळ सुटतो म्हणे. मी म्हटलं, आवाजानं मळ सुटला असता तर आमच्या घरात काळं काही राहिलंच नसतं. मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यभर पेट्रोल आणि ब्रश. नखं कायमची काळी. पोरगी म्हणाली, पेट्रोलमुळं तुमची छाती भरते, हे वापरा. मी ते फडताळावर ठेवून दिलं.

ते खाली काढलं बायकोनं. तिनं आधी नथ धुतली, मग जोडवी, मग देवाची घंटा, निरांजन. एक दिवस सकाळी माझी कवळी सापडेना. बघतो तर मशीनमध्ये भुणभुणतेय.

"अगो, ते घड्याळाचं मशीन हाय!"

"मग? तुमचं तोंड पण घड्याळासारखंच चालतं. तेलपाणी नको?"

कवळी मात्र नव्यासारखी निघाली. मी ते कबूल केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानातल्या एका घड्याळाची चक्रं घरी घेऊन आलो आणि गुपचूप तिच्यापुढं ठेवली. तेव्हापासून धुलाईचं खातं तिच्याकडं. मी खोलायचं, तिनं धुवायचं, मी जोडायचं. मी त्या बटणाला कधी बोट लावलं नाही. हरल्यासारखं झालं असतं.

तर त्या रविवारी. माझा नियम असा की आधी एका बाजूची चक्रं काढायची, धुवायची, वेगळी ठेवायची, मगच दुसरी बाजू. वेळेची आणि टोल्यांची चक्रं दिसायला सख्ख्या बहिणी. उन्नीस-बीस फरक. एकदा मिसळली की डोकं फिरतं.

ती म्हणाली, "दोन-दोनदा पानी कशाला गरम करायचं? एकदमच टाकू."

"मिसळतील."

"खुणा करते ना मी."

आणि उठून देवापुढचा करंडा घेऊन आली. वेळेच्या चक्रांना हळदीचं बोट, टोल्यांच्या चक्रांना कुंकवाचं. खोबरेल तेलात कालवून, म्हणजे चिकटेल. एकेक चक्र हातात घेऊन अशी टिकली लावत होती की जणू सुवासिनींची पंगत बसलीय. मला पण गंमत वाटली. माझ्यासारख्या कारागिरानं तेव्हाच ओरडायला पाहिजे होतं. मी बघत बसलो.

टोपली सोडली, बटण दाबलं. भुण्ण सुरू झालं. पितळेतून काळा मळ धुरासारखा सुटायला लागला. तिला ते बघायला फार आवडायचं. टाकीवर वाकून म्हणाली, "बघा बघा, बाबांच्या घरातली चुलीची काजळी निघतेय."

काजळी निघाली. हळद निघाली. कुंकू पण निघालं. टोपली वर काढली तर सगळी चक्रं सोन्यासारखी लखलखीत आणि एकाच्याही अंगावर खूण नाही.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"धुवायचं मशीन हाय," ती म्हणाली, "धुणारच ना."

"आणि हे तुला आत्ता कळलं?"

"तुम्हाला कधी कळलं? तुम्ही तर उस्ताद."

मग हसू आवरेना. ती हसली की तिला खोकला यायचा, त्या दिवशीही आला. पाणी प्यायली आणि परत हसली. मी भिंग लावून एकेक चक्र उचलायचो आणि सांगायचो कुठलं. निम्मी मला ओळखता आली. उरलेली तिनं ओळखली. मी मोजून ओळखतो, ती चेहऱ्यानं ओळखायची. "ह्याचा एक दात झिजलाय, हे टोल्यांचं. ह्याच्या मधे चरा हाय, हे वेळेचं. मी टिकली लावताना बघितला ना." तांदळातला खडा दिसतो तसं तिला दिसायचं. पोरीच्या पोरीचे केस सुकवायचं मशीन घरी राहिलं होतं, त्यानं तिनं सगळं सुकवलं. मग मोठ्या थाळीत धुतलेलं धोतर पसरून डावीकडं वेळेची, उजवीकडं टोल्यांची चक्रं मांडली. मधे स्क्रू. कमानी, म्हणजे चावीच्या स्प्रिंगा, मशीनमध्ये घालत नाहीत, त्या मी हातानं पुसून पेटीत ठेवल्या. थाळीवर चाळण पालथी घालून ती फडताळावर ठेवली.

चार वाजले होते. ती म्हणाली, "बसवा की आता. टोले ऐकते."

माझी पाठ दुखत होती आणि चहा हवा होता. मी म्हटलं, "दोन वर्षं थांबलीस, एक दिवस थांब. उद्या बसवू."

"बरं," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडताना तिच्या छातीत कळ आली. ठाण्याला न्यायला गाडी केली. कशेळीला खाडीच्या पुलाच्या अलीकडं ट्रकच्या रांगा होत्या, नेहमीच असतात. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. पूल यायच्या आधीच डोकं जड झालं. एवढंच. त्याच्यावर जास्त लिहायला मला येत नाही.

घर माणसांनी भरलं. बाया म्हणाल्या, भाग्यवान, अहेव गेली. मी म्हटलं, तिचं भाग्य झालं, माझं काय?

सुतकात हत्याराला हात लावायचा नाही. मी कोपऱ्यात बसून असायचो. तिसऱ्या दिवशी माझी नजर फडताळावर गेली तर थाळी नाही. थाळीत कोणाला तरी भात वाढला होता. माझ्या बहिणीनं घर आवरलं होतं, आणि सगळी चक्रं, स्क्रू, काटे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतून वर झाकण लावलं होतं. रिकाम्या म्हणजे धुतलेल्या नाही.

मी ओरडलो, "हात कोणी लावला?"

बहीण म्हणाली, "दादा, घरातलं मानूस गेलं आनि तुला स्क्रू दिसतात?"

काय सांगणार तिला? ती मांडणी बायकोच्या हातची होती, हे सांगायला मला लाज वाटली. बरणीतून दहा दिवस मेथी आणि हिंगाचा वास येत राहिला. मिठाचा खार पितळेला लागला तर हिरवं चढतं आणि पोलादाला लागला तर गंज, हे मला झोपेतही माहीत आहे. मी बरणीकडं बघायचो आणि दिवस मोजायचो. तेरा दिवस माणसाला लागतात, पण पोलादाला गंजायला तेवढे लागत नाहीत.

तेरावं झालं, माणसं पांगली. चौदाव्या दिवशी संध्याकाळी वळहून मेव्हणा आला, तिचा धाकटा भाऊ. वाईट माणूस नाही. बहिणीच्या फोटोपुढं हात जोडून बराच वेळ उभा राहिला. मग खुर्चीवर बसला आणि चहा पिता पिता म्हणाला, "भावोजी, एक मागू? रागवू नका."

"माग."

"बाबांचं घड्याळ. आता बाय न्हाय, तुम्ही एकटे. गोदामाच्या ऑफिसात लावीन म्हणतो. आठवण राहील."

"ते खोललंय. चक्रं बरणीत हायत."

"चक्रांची गरज न्हाय हो. नुसती पेटी द्या. आतमधी सेलची मशीन बसवून घेईन. चावी द्यायची कटकट पन न्हाय."

पंचेचाळीस वर्षं हा धंदा केला. ज्या घड्याळाची दुरुस्ती नको असते त्याला माणसं असंच करतात, आतलं काढून फेकतात आणि सेल घालतात. मी स्वतः कितीतरी जणांना करून दिलंय. पण हे आतलं आम्ही दोघांनी धुतलं होतं. आणि ते चालतं का नाही हे मला अजून माहीत नव्हतं. ती त्याच्यासाठी थांबली होती आणि मी पाठ दुखते म्हणालो होतो. पेटी गेली म्हणजे ते काम तिथंच संपलं.

तरी घरात दुःख, पाहुणा दारात, भाऊ आहे तिचा. मी म्हटलं, "बघतो."

तो म्हणाला, "उद्या ड्रायव्हर पाठवतो, धा वाजता. तुम्ही तरास घेऊ नका."

सकाळी उठलो. चहा केला, तो कडू झाला, प्यायलो. बरणी उघडली. खालच्या दोन-तीन चक्रांवर हिरवं चढलं होतं आणि एका दांड्यावर गंजाचे ठिपके. अजून हाताबाहेर गेलं नव्हतं. फडताळावरून मशीन खाली काढलं. पाणी किती ओतायचं ते मला माहीत नव्हतं, आत एक रेघ दिसली तिथवर ओतलं. औषध चमचाभर म्हणून ऐकलेलं, पण चमचा कुठला? चहाचा की जेवणाचा? घरात विचारायला कोणी नाही. मी जेवणाचा घेतला. टोपलीत चक्रं मांडली आणि बटण दाबलं.

फेस असा आला की टाकीबाहेर उतू गेला, फरशीवर पसरला. मेथीदाण्याची साल आणि पिवळं तेल वर तरंगत होतं. मी गुडघ्यावर बसून पोतेरं फिरवत होतो आणि एकीकडं मशीनला शिव्या देत होतो. ते आपलं भुणभुणत होतं. दोनदा पाणी बदललं. तिसऱ्या पाण्याला तेल आलं नाही. साध्या पाण्यातून खंगाळलं आणि सुकवायला केसांचं मशीन लावतो तर लाईट गेली. आमच्याकडं लाईट अशा वेळीच जाते.

ओलं पोलाद ठेवता येत नाही. थाळी घेतली, धोतर घेतलं आणि गच्चीवर गेलो. पुढच्या गल्लीतले लूमही लाईटबरोबर बंद पडले होते, त्यामुळं सगळीकडं शांत. ऊन कडक होतं. चक्रं एकेक पुसून धोतरावर ठेवली. पाण्याच्या टाकीवर दोन कावळे येऊन बसले आणि पितळेकडं बघायला लागले. मी हातात चप्पल घेऊन बसलो.

दहाला खाली हॉर्न वाजला. ड्रायव्हर जिना चढून वर आला. मी चप्पल घेऊन बसलेला आणि पुढं थाळी, हे बघून तो दारातच थांबला.

"चाचा, शेठनं पेटी मागितली हाय."

"शेठला सांग, पेटी मिळनार न्हाय. चालू झालं की मी फोन करीन. टोले ऐकायला ये म्हनावं."

"कधी चालू होईल?"

"आज बसतोय. पुढचं मला पन म्हाइत न्हाय."

तो उतरला. गाडी गेल्याचा आवाज आला. मेव्हणा रागावेल, रागावू दे, येईल परत. मी पुसलेली चक्रं थाळीत घेतली, भिंतीच्या सावलीत सरकलो आणि डोळ्याला भिंग लावलं. थाळीत अजून सगळं मिसळलेलं होतं. मग एक चक्र उचललं, उन्हाकडं धरलं आणि त्याचे दात बघायला लागलो. दुकान त्या दिवशी उघडलं नाही.