ब्रेकमास्तरांचा पाय

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचं खरं नाव कुणाला विचारू नका, कुणाला आठवणारच नाही. सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणतात. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. आयुष्यभर तो दाबून दाबून मास्तरांच्या पायाला अशी खोड लागली आहे की जरा काही बिघडतंय असं वाटलं, की पाय आपोआप खाली रुततो. अहो, गाडीतच कशाला? घरात दूध उतू जायला लागलं तरी मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून फरशी दाबतात. दूध थोडंच ऐकणार! "गॅस बंद करा, ब्रेक काय लावताय," असं बायको ओरडते, तेव्हा कुठे ते भानावर येतात.

मास्तरांचा जीव दोन ठिकाणी अडकलेला: एक ती पांढरी शिकाऊ गाडी आणि दुसरं म्हणजे बायको. आधी कोण, हे बाईंसमोर विचारायचं नाही, बरं का.

बाई वाचनालयात कामाला आहेत, आणि आठवड्यातून एकदा तिथे त्यांचा गोष्टींचा तास असतो. तो तास म्हणजे बाईंचा प्राण. त्या राक्षसाचा आवाज काढतात तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं उठून मागच्या रांगेत जाऊन बसतात. पण मध्यंतरी बाईंच्या मागे खोकला लागला. मेला नेमका गोष्ट रंगात आली की यायचा. उबळ थांबेपर्यंत एक पोरगं दुसऱ्याला चिमटा काढायचं, तिसऱ्याला तहान लागायची आणि राक्षस जिन्यातच ताटकळत राहायचा.

शेवटी ग्रंथपालबाई मायेनंच म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकं लावायचं काम घ्या. बोलावं लागणार नाही. शाळांच्या सुट्टीनंतर गोष्टी दुसरं कुणीतरी सांगेल." बाई तिथे हसून "बरं" म्हणाल्या आणि घरी येऊन भांडी घासता घासता रडल्या. नळ मोठा सोडला होता, तरी मास्तरांना ऐकू आलं.

मास्तर पेटलेच. "हा सगळा रस्त्यावरच्या धुराचा प्रताप! उद्यापासून तू रस्त्यावर एक पाऊल टाकायचं नाहीस!" वाचनालय काही लांब नव्हतं, बाई मागच्या गल्लीतून मजेत चालत जायच्या. पण मास्तर रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना गाडीतून नेऊ लागले. काचा बंद, एसी चालू, मोठ्या रस्त्यानं, एका सिग्नलवरून दुसऱ्या सिग्नलवर. पुढच्या बसला आणि मागच्या ट्रकला ते आतल्या आत शिव्या घालायचे. आणि खोकला? तो वाढतच चालला.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि वर गळ्यात अडकवायची एक छोटी डबी दिली. हवेत धुराचे किती बारीक कण आहेत ते ती डबी मोजायची. "काही दिवस गाडीतून जा, काही दिवस गल्लीतून चालत. मग बघू."

"यात बघायचं काय?" मास्तर हसले. "काच बंद असल्यावर धूर आत येईल कसा? तिकीट काढून? होऊन जाऊ दे परीक्षा. माझी गाडी पहिल्या नंबरात पास होते की नाही बघा."

चालायच्या दिवशीही ते मुद्दाम बरोबर गेले, डबीनं लबाडी करू नये म्हणून. गल्लीत सुताराचं दुकान होतं, भिंतीवर वेल होते, एका स्कूटरच्या सीटवर मांजर पसरलेलं होतं. अर्ध्या वाटेत मास्तरांना अशी धाप लागली की बोलती बंद. बाई थांबल्या आणि वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसल्या. पट्ट्याला काही झालं नव्हतं. पुढच्या झाडाखालीही तो पट्टा त्यांनी पुन्हा नीट केला.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा मास्तरांकडे वळवला. गल्लीचा आकडा खाली होता आणि गाडीचा चांगलाच वर.

"उलटं लागलंय हे," मास्तर म्हणाले.

"नाही मास्तर. पुढची गाडी जे सोडते तेच तुमच्या गाडीत शिरतं, आणि काचा बंद असल्यावर आतच घोटाळत राहतं. खोकल्याचं कारण एवढंच असेल असं मी म्हणत नाही, औषध घ्यायचंच. पण हा धूर तरी टाळता येईल. आणि इथला जिना चढून आलात तेव्हा तुमची धाप ऐकली मी. चालायची गरज बाईंपेक्षा तुम्हालाच जास्त दिसतेय."

बाहेर आल्यावर मास्तर किल्ली हातात धरून गाडीशी नुसतेच उभे राहिले. त्यांना फार लागलं होतं. "म्हणजे मीच तुला रोज धुरात नेऊन बसवत होतो," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत? मला तर तुमच्या शेजारी बसायला आवडायचं," बाई म्हणाल्या. "आता शेजारून चाला, म्हणजे झालं."

तेव्हापासून गाडी फक्त शिकवणीला निघते. शिकाऊ मंडळींची मात्र कंबख्ती. गाडी उभी करून कुणी इंजिन चालू ठेवलं की मास्तर खेकसतात, "बंद कर आधी! समोर आजी बसल्यात, दिसत नाहीत?" त्यांचा कमरेचा पट्टा आता एक भोक आत गेलाय, आणि ते पाहुण्यांना शर्ट वर करून दाखवायचा त्यांना कोण उत्साह! बाईंना लाजून मेल्यासारखं होतं. खोकलाही हळूहळू मवाळ पडत गेला. पण पुरता गेलाय की नाही, याचा भरवसा कोण देणार?

सुट्टीच्या आधीचा शेवटचा तास आला. ग्रंथपालबाई मागे खुर्ची टाकून बसल्या होत्या. मास्तर दारात उभे होते. राक्षस जिना चढायला लागला. मागच्या खेपेला तो इथेच अडकला होता. बाईंनी श्वास घेतला, थांबल्या, आणि राक्षस असा काही गरजला की पुढची रांग किंचाळत मागे पळाली. त्यात ग्रंथपालबाईंच्या मांडीवर दोन पोरं येऊन आदळली.

गोष्ट शेवटापर्यंत गेली. ग्रंथपालबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "सुट्टीनंतर कुठली गोष्ट सांगताय? नाही, तुमच्याशिवाय कोण सांगणार आता!"

पोरं पांगली. बाई दाराशी आल्या. "चला, निघायचं ना?"

"हो, हो," मास्तर म्हणाले, पण जागचे हलेनात. डोळे भरून आले होते.

बाईंनी खाली त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, आता ब्रेक सोडा."