हिरड्यांचे सामान्यरूप

माझा समोरचा दात व्याकरणामुळे गेला. साखरेचाही त्यात हात होता, पण मुख्य आरोपी व्याकरणच.

पाथर्डीच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. त, थ, द, ध कसे म्हणायचे ते याच दाताला जीभ लावून पोरांना दाखवलं. शुगर वाढून हिरड्या सुजल्या आणि हाच दात हलायला लागला तेव्हा मी हादरलो. त्यात झोप नाही. (रात्रभर टक्क जागा, आणि दिवसा कुणी बोलायला लागलं की डोळा लागायचा. विशेषतः बायको बोलायला लागली की.)

दाताचा डॉक्टर सुदाम माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, शुगर वाढली की हिरड्या बिघडत्यात. हिरड्या बिघडल्या की शुगर ऐकत न्हाई. अन् झोप नसली की दोन्हीचं फावतं." इथपर्यंत मला आठवतं. त्याची खुर्ची फारच मऊ होती. जागा झालो तेव्हा तो चिठ्ठी लिहीत होता.

"मराठीत लिही," मी दरडावलं. "मास्तर आहे मी मराठीचा."

बिचाऱ्यानं लिहिलं. घरी येऊन चिठ्ठी वाचली. 'हिरड्यांचे', मग डॉक्टरी अक्षरातला एक शब्द, मग 'रोज दोनदा, न चुकता. दात वाचेल.' तो मधला शब्द मी 'चूर्ण' असा लावला. हिरडीवर हिरडा, नावातच औषध! लगेच जाऊन हिरड्याच्या चूर्णाचा डबा आणला.

बायको म्हणाली, "अवं, हिरडा पोट साफ व्हायला घेत्यात. हितं तोंडातल्या हिरड्यांचं कायतरी लिवलं आसंल."

"हिरडा या शब्दाचं सामान्यरूप हिरड्या. अनेकवचनात त्याला प्रत्यय लागून हिरड्यांचे. तुला व्याकरणातलं काय कळतं?"

"व्याकरनातलं न्हाई कळत. हिरड्यातलं कळतं," ती म्हणाली आणि संडासातला दिवा लावून आली.

मी चमचा भरभरून घेतला, दोनदा, न चुकता. आधी शुगर मला रात्री तीनदा उठवायची. आता शुगर आणि हिरडा यांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या. राहिलेली झोपही गेली. मी परत येऊन अंथरुणाला पाठ टेकतोय तोवर अंधारातून बायको विचारायची, "झालं का सामान्यरूप?"

अशा वेळी माणसाला लई राग येतो, आणि तो काढायला जागा नसते.

आठव्या दिवशी मी सुदामवर जाऊन आदळलो. "कसलं औषध दिलंस रे? आठ दिवस झोप नाही मला."

"औषध कुठंय सर? हिरड्यांचे मालीश लिवलंय. बोटानं, हलक्या हातानं. तुमी काय केलं?"

मी सांगितलं. तो भिंतीकडं वळला. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते.

"सर, हिरडीचं अनेकवचन केलं तरी हिरड्यांचेच हुतं," तो शेवटी म्हणाला. मग त्यानं दात तपासला आणि त्याचं हसू गेलं. "न्हाई टिकायचा आता. काढावा लागंल."

दात निघाला. तोंडात कापूस कोंबत सुदाम म्हणाला, "नववीत ह्याच सामान्यरूपाला तुमी माझा अर्धा मार्क कापला हुता, सर. तवापासून पक्कं हाय."

मी अर्धा मार्क कापला, त्यानं अख्खा दात काढला. तरी मास्तर तो मास्तर. 'शाबास, सुदाम' असं म्हणायला मी तोंड उघडलं.

त्यातला 'द' काही निघाला नाही.