भोंग्याचा पाचवा सेकंद

९ नोव्हेंबर १९८४. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी खडकावरचा, धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा कायमचा बंद करण्यात आला. नोंदवहीत तसा शेरा असून त्याखाली भोंगेवाल्यांची सही आहे. त्यांच्या घरात मात्र तो बंद झाला नाही, याची नोंद कुठेच नाही.

धुके उतरले की भोंगा दर अर्ध्या मिनिटाला असा काही ओरडे की फडताळातल्या कपबशा थरथरत. म्हणून भोंगेवाले आणि त्यांची बायको भर वाक्यात थांबत आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे बोलू लागत. एकतीस वर्षांत ही सवय हाडीमाशी खिळली. भोंगा थांबला, दोघांचे थांबणे थांबले नाही. पाहुण्यांना वाटे, दूध उतू गेल्याचे दोघांना एकदमच आठवले.

निवृत्तीनंतरही भोंगेवाले रोज भोंगाघर उघडत, झाडत, यंत्राला तेल देत आणि दर वर्षी ते नखशिखान्त रंगवत. बंदर कार्यालयाला तिथे ट्रक उभे करायचे होते. पंचवीस वर्षांनी वारसा समितीची तपासनीस आली. भोंगा नेमके किती सेकंद वाजे हे सिद्ध झाले तर इमारत राहणार, नाहीतर पाडणार. वेळापत्रकाचे पान वाळवीने फस्त केले होते. उरले होते एक पितळी चाक. त्याचा फेरा अर्ध्या मिनिटाचा; जितके दात, तितके सेकंद आवाज. पण चाक अगदी गुळगुळीत दिसत होते.

"काका, चाकालाही रंग दिलात?"

"गंज चढू नये म्हणून."

"पितळेला?"

भोंगेवाल्यांनी रंगाचा डबा पायाने मागे सरकवला.

रंग खरवडण्याआधी त्यांचा लेखी जबाब घ्यायचा आणि मग दात त्याच्याशी जुळायला हवेत, असा समितीचा नियम होता. जबाब घरी, चहाबरोबर सुरू झाला.

"लिहा, पाच सेकंद," भोंगेवाले म्हणाले.

"पाच? चार!" बायको स्वयंपाकघरातून कडाडली.

"अगं, भोंगा मी वाजवत होतो की तू?"

"अहो, ऐकत तर मी होते! एकतीस वर्षं तुमचं अर्धं वाक्य..." ती थांबली. प्रत्युत्तराला उघडलेले तोंड तसेच ठेवून भोंगेवालेही थांबले. "...पदरात घेऊन बसले होते!"

तपासनीसने हळूच स्टॉपवॉच काढले. "काकू, भांडत राहा."

"असं सांगून कुठे भांडण होतं का?"

पण भोंगेवाल्यांनी चहात साखर कमी असल्याचे खुसपट काढले आणि सोय झाली. साखरेवरून गोष्ट सासुरवाडीपर्यंत पोहोचली, तोवर सात विराम मोजून झाले. प्रत्येक चार सेकंदांचा.

"काका, तुमचंच तोंड चार सांगतंय."

भोंगेवाले गप्प झाले. हा विराम कोणी मोजला नाही. आजवर आल्यागेल्याला त्यांनी पाचच सांगितले होते. पण भोंगाघराच्या जागी ओळीने उभे ट्रक त्यांच्या डोळ्यांसमोर आले.

"चार लिहा," ते म्हणाले. "मात्र हिच्या सांगण्यावरून नव्हे, असंही लिहा."

तपासनीसने दोन्ही लिहिले.

रंगाच्या चोवीस थरांखाली चार दात निघाले. इमारत वाचली. भोंगेवाल्यांना किल्ली परत मिळाली, सोबत रंगकामाची लेखी मनाई.

पाचवा सेकंद समोरच्या कड्यावरून येणाऱ्या प्रतिध्वनीचा होता, असे भोंगेवाले आता म्हणतात. बायकोला ते मान्य नाही. हवेचा पंप नादुरुस्त असल्याने भोंगा वाजवून पाहता येत नाही. प्रतिध्वनी खरोखर येत असे की नाही, हे अद्याप अज्ञात आहे.