जिन्यात अर्धं राहिलेलं रडणं

लातुरात पोराच्या अपार्टमेंटच्या जिन्यात माझी बायको आन तिची धाकटी बहीण गळ्यात पडून रडत होत्या. मोठ्यानं. सुरात. भाऊ वारल्यावर दोघींची ही पहिलीच भेट. मेहुणी मुदखेडकडच्या आमच्या तांड्यावरून आली होती. आम्ही बंजारा. आमच्या बाया भेटल्या की आधी असंच रडतात आन रडता रडताच सगळं सांगतात. भाऊ कसा गेला, शेवटी काय मागितलं. सगळं आमच्या गोरमाटी बोलीत. न रडता आत नेलं तर पाव्हणीचा अपमान.

वरून सोसायटीचे सेक्रेटरी उतरले. बायांकडं बघितलंच न्हाई. पोराला म्हणाले, "सर, हा तांडा नाही. इथं माणसं राहतात."

पोरगं कॉलेजात शिकवतं. त्यानं हात जोडले. सेक्रेटरीला. मग आईकडं वळला.

"आई, मराठीत बोल. नाहीतर गप बस."

चौथीपर्यंत तो तिला आमच्या बोलीत याडी म्हणायचा.

तिनं पदर तोंडात कोंबला. बहिणीला आत नेलं. मेहुणी चहा न घेताच गेली.

फेब्रुवारीत मातृभाषा दिवस आला. कॉलेजात पोराचं भाषण. आम्हाला पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. बोलतो लई चांगलं. ढाक्याच्या पोरांचं सांगितलं. त्यांच्यावर उर्दू लादली, ते बंगालीसाठी रस्त्यावर आले, गोळ्या खाल्ल्या. लोक टाळ्या वाजवून राहिले. बायको माझ्या कानाला लागली. आमच्या बोलीत, लई हळू विचारलं, "त्या पोरांच्या आया कोणत्या बोलीत रडल्या असतील?"

"त्यांच्याच," मी म्हणलो.

आम्ही पोराकडंच राहायचो. त्यानंतर त्या घरात ती पोटभर बोललीच न्हाई. काही विचारलं की मान हलवायची. पाऊस उघडला आन त्याच घरात ती वारली.

जीप भरून तांड्यावरच्या बाया आल्या. मेहुणी पुढं. पोरगं दारातच आडवं आलं. म्हणालं, "मावशी, हळू. पाया पडतो." मेहुणीनं ओठ मिटले. बाया भिंतीला टेकून बसल्या. मुक्या. नुसता पंख्याचा आवाज. जिनं तांड्यावरच्या प्रत्येक मरणाला रडून निरोप दिला, तिला कुणी रडेना.

आमच्यात गडीमाणूस असा रडत न्हाई. रडला तर लोक हसतात. मी तिच्या उशाला बसलो आन सुरू केलं. मला सूर येत न्हाई. आवाज फाटला. पोराच्या तोंडून यायला पाहिजे होता तो शब्द मीच आधी काढला. याडी. मग तिचा भाऊ, त्याचं मरण, जिन्यात अर्धं राहिलेलं सगळं.

पोरानं माझा दंड धरला. "बाबा, लोक ऐकतायत."

मी दंड सोडवून घेतला. दारात सेक्रेटरी उभे होते. त्यांच्याकडं बघून म्हणलो, "माणसंच रडून राहिलीत."

मग मेहुणी उठली. तिच्यामागं सगळ्या बाया.

मराठीवर माझा राग न्हाई. ज्या दोन यत्ता शिकलो त्या मराठीतच. हे बी मराठीतच लिहून राहिलो, तुम्हाला कळावं म्हणून. पण मी आता तांड्यावर हाय. पोराचा फोन येतो. "बाबा, कसे आहात?" मी उत्तर देत न्हाई. ज्या दिवशी गोरमाटीत विचारल, त्या दिवशी बोलीन. त्याच्या आधी मेलो, तर मेहुणीला सांगून ठेवलंय. रडल्याबिगर तिरडी उचलायची न्हाई. आन ज्याला ते ऐकायची लाज वाटल, त्याचा खांदा मला लावायचा न्हाई. पोटचा असला तरी.