कादंबरीतल्या नवऱ्याचा निकाल

लाखांदूरच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाने एक जाड रहस्यकादंबरी माझ्यापुढे धरली.

“भाऊ, शेवट तुमीच वाचा. मले भेव लागते. यातल्या बाईले वाटते, नवरा गोळ्यांतून विष देऊन रायला. माह्या बायकोलेही डोक्याच्या गोळ्या चालू हायेत. तिनं हे पुस्तक अर्धं वाचलं तवापासून माह्या हातची गोळी घेत नाही. म्हणते, आधी पुस्तकातल्या नवऱ्याचा निकाल लागू दे.”

मी शेवटची पाने वाचली. विष नवराच देत होता. तसे सांगितले.

त्याने दुपट्ट्याने मान पुसली आणि कादंबरीतल्या नवऱ्याला एक शिवी दिली. मग विचारले, “त्या हरामखोरानं आधी सोता एखादी गोळी खाऊन दाखवली का?”

“नाही.”

“बस! मंग मी खाऊन दाखवतो,” म्हणत तो समाधानाने उतरला.