आबांचं पोटॅशियम आणि ओसरीवरचा घड

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची किडनी हळूहळू थकत चालली आहे. त्या महिन्यात रक्तात पोटॅशियम वाढलं आणि डॉक्टर म्हणाले, "पुढच्या तपासणीत उतरलं नाही तर भरती करावं लागेल." नेमकं त्याच आठवड्यात धुळ्याला नातीचं लग्न. आबांना मांडवात उभं राहायचं होतं, बाकी कशाची फिकीर नव्हती.

मी कंबर कसली. पापड, लोणचं, शेव बंद. भाजी चिरायची, भिजवायची, उकळायची, पोटॅशियम निघून जावं म्हणून पाणी फेकायचं. वांग्याचीही हीच गत. आबांनी एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं.

"हाई भरीत शे का दवाखाना?"

पिंपळनेरच्या नणंदेनं पुनर्नवा आणि गोखरूचा अर्क पाठवला होता. डॉक्टरांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "यात काय किती आहे, कुणाला माहीत? थांबवा." मी थांबवला. नणंद फुगली. पण पुढच्या तपासणीत आकडा तिथंच! डॉक्टरांनी भरती तेवढी चार दिवस लांबवली, औषध बदललं आणि पुन्हा तपासणीला बोलावलं.

"बघ, माझ्या अर्काला उगाच नावं ठेवलीस," नणंद फोनवर कडाडली. "तुझ्याच जेवणात खोट आहे."

"अहो ताई, माझ्या नजरेआड आबांच्या तोंडात घास जात नाही!" ओसरीवर उभी राहून मी ठणकावलं. समोर झोपाळ्यावर बसून आबा निवांत केळं सोलत होते.

फोन कानाला तसाच ठेवून मी वर पाहिलं. एरंडोलकडच्या आमच्या वावरातून येणारा केळीचा घड ओसरीवर कायम टांगलेला. येणारा-जाणारा तोडतो, खातो. आहाराच्या कागदावर 'केळी बंद' होतं. मी बेधडक बरोबरची खूण केली होती, कारण केळी आमच्याकडे कधी विकत आणलीच नव्हती!

"आबा! डॉक्टरांनी काय काय खाता विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं?"

"केळं काय खानं शे का, माय? ते तं वावरनं शे."

फोनमध्ये नणंद इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही झोपाळ्यावर बसकण मारली. घड त्याच दुपारी शेजारी गेला.

चार दिवसांनी आकडा उतरला. डॉक्टरांनी धुळ्याला जायला परवानगी दिली, माझा डबा सोबत नेण्याच्या अटीवर. तपासणीला सोबत आलेल्या नणंदेनं हळूच अर्काचा विषय काढला, तर म्हणाले, "केळी सापडली म्हणून बाटली सुटत नाही." ती पुन्हा फुगली, पण लग्नाच्या घाईत तेवढा वेळ कुणाला होता?

मांडवाच्या दारात दोन्ही बाजूंना केळीचे खांब, त्यांना लगडलेले घड. आबा नव्या टोपीत तिथंच थबकले. मी डावीकडून धावले, नणंद उजवीकडून. दोघींनी दोन दंड धरले.

"अरे, फोटो काढाले तरी उभं राहू द्या!" आबा ओरडले.

तसाच फोटो निघाला. मध्ये आबा, दोन्हीकडे पहारा, आणि तिघंही खो-खो हसणारे.