भाजी ठरेपर्यंत

आज संध्याकाळी भाजी कुठली करायची, एवढं ठरवायला नानांना अंबडपासून द्वारकेच्या चौकापर्यंतचा रस्ता लागायचा. तोही कंपनी सुटल्यानंतरचा रस्ता. पाथर्डी फाट्याला अडलेला, मुंबई नाक्याला रेंगाळलेला आणि द्वारकेला जवळजवळ मुक्कामालाच थांबलेला. आमची बस गेटबाहेर वळली की नाना शर्टाच्या खिशातून फोन काढत, चष्मा कपाळावर चढवत आणि घरी लावत. मग सुरू व्हायचं.

"मेथी?" नाना विचारत. मग बराच वेळ काहीच नाही. "बरं, मेथी नही. गिलकी?" पुन्हा काहीच नाही. "गवार? डांगर? बरं बरं, घाई नही शे. तू सांग. मी थांबस." बसचं इंजिन जुनं, त्यात नानांचा आवाज मूळचाच मोठा, त्यामुळे पहिल्या सीटवर बसलेल्या नानांच्या घरचा भाजीपाला शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा. पलीकडचा आवाज मात्र कुणाला कधी ऐकू आला नाही.

नाना आमच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. मूळचे सटाण्याकडचे. उंचीने बेताचे, गळ्यात तुळशीची माळ, पायात कंपनीचे सेफ्टी शूज, जे ते रविवारीही घालत असावेत असा मला संशय होता. आमच्याशी बोलताना मराठी, बायकोशी बोलताना अहिराणी. माळेमुळे घर शुद्ध शाकाहारी. बस चालवणारे रफिकभाई त्यावरून त्यांना रोज डिवचत. "नाना, कधी अंडाकरी पण टाका ना लिस्टमध्ये. बेचारी वहिनी किती दिवस दोडका खाणार?" नाना फोनवर हात ठेवून म्हणत, "रफिकभाई, समोर बघा. तुमच्या नादात मी वरती जाईन, तिथं अंडं पण नाही भेटणार."

स्टोअरमध्ये नानांचा एक दंडक होता. माणसाने मागायचं ते नाव घेऊन मागायचं. मशीन शॉपमधलं कुणी घाईघाईने आलं आणि "नाना, काहीतरी वॉशर द्या हो, कुठलाही चालेल," म्हणालं की नाना हाताची घडी घालून उभे राहत. "कुठलाही नावाचा वॉशर माझ्याकडे येत नाही. तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही सांगायचं. मी का सांगू?" मी क्वालिटी विभागात आहे, माझं त्यांच्याकडे रोज काम पडायचं, आणि सुरुवातीला मला हा माणूस महा खडूस वाटला होता.

बसमध्ये मात्र या खडूस माणसाने आम्हा बायकांची मोठी सोय केली होती. दिवसभर मशीनच्या आवाजात डोकं पिकल्यावर स्वयंपाकाचं काही सुचत नाही. माझ्या घरी नवऱ्याला विचारा, मुलीला विचारा, उत्तर एकच, "काहीही चालेल." हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण ताटात आल्यावर मात्र त्यातलं काही चालत नाही. म्हणून मी नानांचा फोन कान देऊन ऐके. नानांकडे चवळी ठरली की आमच्याकडे चवळी. शेजारी बसणाऱ्या शिंदेताईंचंही तसंच. नानांकडे डाळीचे फुणके आणि कढी ठरली त्या दिवशी अर्ध्या बसच्या घरी कढी उकळली असेल. शिंदेताई म्हणायच्या, "आमच्या ह्यांना एक दिवस नानांच्या मांडीला मांडी लावून बसवा. बायकोला विचारायचं कसं असतं ते तरी कळेल."

नानांच्या बायकोला आमच्या बसने हायकमांड असं नाव ठेवलं होतं. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण नानांना ते आवडलं होतं. "हायकमांडच आहे ती आमची," ते म्हणत. आमच्या डोळ्यांसमोर एक ठसठशीत बाई होती. मोठं कुंकू, कमरेवर हात, दहा भाज्यांना नाक मुरडून अकरावी पसंत करणारी. मागच्या सीटवरची पोरं नाना थांबले की मध्येच "पनीर!" म्हणून ओरडत आणि सगळी बस हसे. नानाही हसत आणि पुन्हा फोनमध्ये म्हणत, "तू सांग. मी थांबस."

एकदा नाना डबा सीटवर विसरून उतरून गेले. ते आडगाव नाक्याला उतरत, मी पुढे अमृतधामला. डब्याला रात्रभर वास येईल म्हणून मी रिक्षा केली आणि तो पोचवायला गेले. दार उघडंच होतं. आत स्वयंपाकघराच्या दारात एका खुर्चीवर एक बारीक बाई बसल्या होत्या. केस बॉबकट कापलेले, अंगात गाऊन, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. ओट्याशी नाना दोडके सोलत होते. त्यांनी एक दोडका जरा जाड सोलला, तेवढ्यात त्या बाईंनी डाव्या हातातला चमचा खुर्चीच्या दांडीवर खणकन आपटला. नाना म्हणाले, "हा हा, दिसनं, दिसनं," आणि साल पातळ काढायला लागले.

मला पाहून त्या बाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, मान हलली, डोळे तर केव्हाच "या" म्हणून मोकळे झाले होते. शब्द काही आला नाही. शेवटी त्यांनी चमच्याने दुसरी खुर्ची दाखवली. मी बसले.

त्या दिवशी नानांनी मला बाहेर रिक्षापर्यंत सोडताना सांगितलं. बायकोला दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणं गेलं. "ताई, लय बोलायची ही. मला घरात तोंड उघडायची वेळच यायची नाही," नाना म्हणाले. "आता शब्द आत आहेत, डॉक्टरीणबाई म्हणतात सगळे आहेत. माल स्टोअरात आहे, पण कुठल्या रॅकला ठेवलाय ते सापडत नाही. आपण शोधून द्यायचा नाही, म्हणतात. तिला शोधू द्यायचा. आपण फक्त थांबायचं."

मी म्हटलं, "पण नाना, इतकी वर्षं संसार झाला. त्यांना काय हवं ते तुम्हाला कळत असेल की."

"कळतं ना. फोन लावायच्या आधी कळलेलं असतं. पण तेवढं सोडून बाकीची नावं घेतो. ते मी बोललो तर ती माझी भाजी झाली." मग म्हणाले, "आंघोळ किती वाजता, ते दिवसाची सोबतीची बाई ठरवते. गोळ्या डॉक्टर ठरवतो. साडी सुटली, गाऊन आला, केस कापले, तिला कुणी विचारलं नाही. मी पण नाही विचारलं. चूल तेवढी राह्यली तिच्याकडे. संध्याकाळी या घरात काय शिजायचं ते ती ठरवते. ते पण गेलं, तर आपल्याच घरात पाहुणी झाली ना ती." घरी जाऊन मी दोडकाच केला, आणि सालं फार पातळ काढली.

आधी या माणसाला चहाची पूडसुद्धा कुठे असते ते माहीत नव्हतं. आजारपणानंतर ओट्यापाशी उभे राहून, चमच्याच्या खणखणाटावर ते स्वयंपाक शिकले. एकदा आवाज म्हणजे थांब. दोनदा म्हणजे मीठ. लागोपाठ वाजला तर काहीतरी करपतंय. "माझ्या आयटीआयच्या सरांनी पण इतकं झोडपलं नव्हतं," असं ते कौतुकाने सांगत.

मी ही गोष्ट फक्त शिंदेताईंना सांगितली, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती सगळ्या बसला कळली. पण आमच्या बसचं मला कौतुक वाटतं. कुणी नानांपाशी जाऊन उसासे टाकले नाहीत. हायकमांड हे नाव तसंच राहिलं, रफिकभाईंची अंडाकरी तशीच राहिली. फरक इतकाच पडला, की नानांनी फोन लावला की रफिकभाई रेडिओ बारीक करत, आणि नाना थांबले की मागची पोरं गप्प बसत. नवीन लागलेला एक मुलगा एकदा चुकून "पनीर" म्हणाला, त्याला दोन्ही बाजूंनी कोपर बसलं.

मग आम्हाला रस्त्यावरून हायकमांडची तब्येत कळायला लागली. शब्द पाथर्डी फाट्यालाच आला तर दिवस चांगला. मुंबई नाका म्हणजे ठीक. द्वारकेचा सिग्नल दोनदा पडून गेला आणि नाना अजून "घाई नही शे" म्हणतायत, म्हणजे दिवस वाईट. एका थंडीत असे पुष्कळ दिवस आले. नाना आपला थांबा सोडून माझ्याबरोबर अमृतधामला उतरत आणि फोन कानाला धरून आडगाव नाक्याकडे परत चालत जात. भाजी ठरल्याशिवाय गाड्यापाशी जायचं नाही, हा नियम त्यांनी मोडला नाही. मला एकदा म्हणाले, "दिवसभर ती विचार करत बसते, ताई, आज काय करायचं. बाई सांगते मला, दुपारपासून ओठ हलत असतात. मग मी घाई करू का?"

नानांच्या रिटायरमेंटचा महिना आला. मुलगा पुण्याला, नोकरी चांगली, स्वभाव त्याहून चांगला. आईवडिलांना कायमचं घेऊन जायचं त्याने मनावर घेतलं होतं. तिकडे लिफ्ट होती, जवळ हॉस्पिटल होतं, स्वयंपाकाला बाई होती. नानांचीही आता कंबर भरून यायची, बायकोला एकट्याने उठवताना धाप लागायची. जावं, असंच कुणीही म्हटलं असतं. मीही म्हटलं.

"मुलगा लय जीव लावतो," नाना म्हणाले. "काल फोनवर बोलला, इथं आईला कशाचा विचारच करावा लागणार नाही." आणि खिडकीबाहेर बघत राहिले. "विचार करावा लागणार नाही, तर ती दिवसभर करेल काय?"

"त्यांना विचारलंत का?"

"नाही."

"का हो?"

"हो म्हणाली तर? माझी कंबर बघून हो म्हणेल ती."

शेवटच्या दिवशी कंपनीत शाल, श्रीफळ, भाषणं असं सगळं झालं. मुलगा रविवारी गाडी घेऊन येणार होता. नाना खांद्यावर शाल आणि हातात भलामोठा बुके घेऊन बसमध्ये चढले आणि नेहमीच्या जागी बसले. पाथर्डी फाटा आला तरी फोन बाहेर निघाला नाही. मग त्यांनी तो काढला, बुके सांभाळता येईना म्हणून स्पीकरवर टाकला आणि मांडीवर ठेवला. रफिकभाईंनी रेडिओ बंदच केला.

"आज भाजी नही इचारस," नाना म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता. "पोऱ्या बलावस. पुण्याले जावानं का आपण, कायमनं? का आठेच ऱ्हावानं? मना इचार करू नको. तुले काय वाटस ते सांग."

पोरगा बोलावतोय, कायमचं जायचं की इथंच राहायचं, माझा विचार करू नकोस, तुला वाटेल ते सांग. अहिराणी न येणाऱ्यांनाही ते सगळं कळलं. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता. मुंबई नाका गेला. एक अर्धामुर्धा आवाज आला, तुटला. द्वारका आली, तिथला गोंगाट खिडक्यांतून आत आला, तर कुणीतरी उठून खिडक्या लावल्या. द्वारका गेली. आडगाव नाक्यावर रफिकभाईंनी बस कडेला घेतली आणि इंजिन बंद करून टाकलं. एरवी दोन मिनिटं उशीर झाला तर कटकट करणारी माणसं आम्ही, पण त्या वेळी घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. नाना फोनवर वाकून बसले होते. "तू सांग" असंही म्हणाले नाहीत. आपण बोललो तर तिचं उत्तर बदलेल, अशी भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

"न," फोन म्हणाला. मग पुष्कळ वेळाने, "नही."

नानांनी डोळे मिटले. "नही? पुण्याले नही?"

"नही." या वेळी लगेच. मग परत श्वास, धडपड, काहीतरी शोधल्यासारखा आवाज. आणि एकदम, खणखणीत, "भरीत. भरीत कर."

कुणी भरताचं नाव घेतलं नव्हतं. नानांनी पर्याय दिले नव्हते, भाजीचा विषयही काढला नव्हता. ते तिचं तिने शोधून आणलं होतं. नाना आमच्याकडे वळले. "ऐकलं का? आजारी पडल्यापासून पहिल्यांदा आपणहून काम सांगितलं मला," ते म्हणाले आणि शालीच्या टोकाने डोळे पुसू लागले. शिंदेताई रडत होत्या, मीही रडत होते, आणि मागच्या सीटवरची पोरं उगाच बूट बघत होती. नानांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "रविवारी ये, जेवाले ये. गाडीमा सामान भरानं नही. तुनी माय नही म्हणस," एवढंच बोलले.

उतरताना त्यांनी बुके माझ्या हातात दिला. वांगी निवडायला दोन्ही हात लागतात, म्हणाले. बस सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे एका बाजूच्या खिडक्यांना लोटलो होतो, निरोपाचा हात करायला. नाना गाड्यापाशी उभे होते. भरताचं एक एक वांगं तळहातावर घेऊन जड-हलकं बघत होते आणि भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते. रफिकभाईंनी दोनदा हॉर्न दिला. नानांनी मान वर केली नाही. त्यांना घरी काम सांगितलेलं होतं.